चौथ्या फ्लॉपीतला शेवट

मंगळवारी सकाळी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी सॅन फर्नांडोच्या दवाखान्यात निघालेला युस्टस मामा गाडीत बसता बसता थांबला आणि बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा त्याने लिस्ट्राच्या हातात कोंबला. आत चार फ्लॉप्या होत्या आणि एक ओरखडे पडलेली सीडी.

“शेवट यात आहे,” तो म्हणाला. “उघडला तर वाजवा. नाही उघडला तर पहिलाच भाग पुन्हा वाजवून थांबा. जज काही तुम्हाला खात नाहीत.”

“मामा, खरंच आठवत नाही तुला?”

“एक्क्याऐंशीचा झालोय मी, पोरी. आणखी काय काय आठवू?” असं म्हणून त्याने काच वर केली आणि विषय संपवला.

लिस्ट्राच्या दृष्टीने विषय आत्ता कुठे सुरू झाला होता. शनिवारी दुपारी चार वाजता पॅनोरमा या स्टील-बँडांच्या स्पर्धेच्या पहिल्या फेरीचे जज मोर्न ब्लू गावातल्या यार्डात, म्हणजे बँडच्या तालमीच्या अंगणात, येणार होते. बँड तयार होता, तेलाच्या पिंपांच्या पत्र्यातून ठोकून घडवलेले पॅन नव्याने सुरात लावून आणलेले होते, यार्डाच्या भिंतीला निळा रंगही मारून झाला होता. घोडं अडलं होतं ते शेवटापाशी. मामाने या वर्षी पंचवीस वर्षांपूर्वी स्वतः बांधलेली धून बाहेर काढली होती. ती कधीच वाजली नव्हती, कारण त्या साली बँड स्पर्धेत उतरलाच नव्हता. तिचे तीन भाग त्याने नाताळच्या आधीपासून घासून घासून शिकवले. चौथ्याचं नाव काढलं की मात्र हात झटकायचा. वर त्याने जाहीरही करून टाकलं होतं, की हे आपलं शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षीपासून आपण खुर्चीत बसून फक्त शिव्या देणार. लिस्ट्राला एवढंच हवं होतं, की मामा समोर बसलेला असताना त्याची धून एकदा तरी शेवटपर्यंत वाजावी.

आता कुणी म्हणेल, कागदावर लिहून ठेवायचं होतं. मोर्न ब्लूच्या पॅनवाल्यांना कागदावरचा एकही सूर वाचता येत नाही, आणि या गोष्टीचा त्यांना कोण अभिमान! मामा पुढे उभा राहतो, एक ओळ वाजवून दाखवतो, आणि बावीस जण ती ओळ मनगटात उतरेपर्यंत बडवत राहतात. एकदा उतरली की ती खोडायला देवच खाली यावा लागतो. चौथा भागही त्यांना कानानेच ऐकायला हवा होता, आणि तो आवाज त्या चौकोनी प्लास्टिकमध्ये कोंडून पडला होता.

मामाचा जुना कॉम्प्युटर उघडला तर आत वाळवीचं नांदतं घर. लिस्ट्रा सरकारी ऑफिसात कॉम्प्युटर दुरुस्त करायची, तिने तिथल्या माळ्यावरून फ्लॉपी वाचायचं यंत्र शोधून आणलं. चारही फ्लॉप्या निमूट वाचल्या गेल्या. पण ज्या प्रोग्रॅमात मामाने सूर भरले होते तो फक्त जुन्या विंडोजवर चालणारा, आणि आजच्या कुठल्याही मशीनवर ती जुनी विंडोज पाय ठेवायला तयार नाही. मग एकच वाट उरली: मशीनच्या आत मशीन.

बुधवारी साडेचारला, ऑफिस सुटल्या सुटल्या, तिने यार्डातल्या टेबलावर लॅपटॉप मांडला. घरी शांतपणे करता आलं असतं, पण धड वाजणारे स्पीकर यार्डातच होते. शिवाय बँडच्या कॅप्टन हॉलिसने हुकूम सोडला होता, की जे काय होईल ते सगळ्यांसमोर. हॉलिस वेल्डर माणूस, खांदे दारात न मावणारे, आणि बँडात लोखंड वाजवणारा. गाडीचं जुनं ब्रेक-ड्रम टांगून त्यावर तो जो ठोका धरायचा, त्या ठोक्यामागे अख्खा बँड चालायचा.

“मशीनच्या आत मशीन?” त्याने विचारलं.

“खोटं मशीन. या लॅपटॉपच्या पोटात अठ्ठ्याण्णव सालचा कॉम्प्युटर असल्याचं सोंग आणायचं. मग त्या सोंगावर जुनी विंडोज चढवायची.”

“म्हणजे कार्निव्हलच की! सोंग म्हटलं की आम्ही आलोच,” हॉलिस म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला. दहा मिनिटांत तिच्या मागे पंधरा जण जमले. प्रत्येक जण स्क्रीनवर वाकून बघत होता आणि कुणालाही काहीही कळत नव्हतं.

सुरुवात बरी झाली. खोट्या मशीनला खोटी डिस्क दिली, तिच्यावर जागा आखली, डब्यातली जुन्या विंडोजची सीडी आत घातली. निळा पडदा आला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्याच मिनिटाला पडदा काळा झाला आणि वर पांढरी अक्षरं उमटली: मेमरी अपुरी आहे.

“काय म्हणतोय?” दुलारी मावशीने विचारलं. रस्त्याच्या तोंडाशी तिची डबल्सची, म्हणजे तळलेल्या रोट्यांत चणे भरून विकायची गाडी, आणि बँडात ती बेस वाजवायची.

“पुरत नाही म्हणतोय.”

“मग वाढ की! हात का आखडतेस?”

मोर्न ब्लूमध्ये कुणी पुरत नाही म्हटलं की पलावाच्या पातेल्यात पळी पडलीच म्हणून समजा. लिस्ट्राही इथलीच. तिने दोन हजारांचे चार हजार एमबी केले. अपुरी. चाराचे आठ केले. अपुरी!

“हा कुणाच्या लग्नाला जेवायला आलाय?” हॉलिस ओरडला. “सगळी देऊन टाक! आम्ही कुणाला उपाशी उठवलेलं नाही!”

लिस्ट्राचा हात थबकला, आणि मग ती एकटीच हसत सुटली. अठ्ठ्याण्णव साली एवढी मेमरी जगात कुणाकडे होती? बिचाऱ्याने एवढं वाढलेलं ताट जन्मात पाहिलं नव्हतं. घास घशात अडकला होता आणि तो भुकेच्या नावाने ओरडत होता. तिने आठ हजार पुसले आणि दोनशे छप्पन्न लिहिले.

“एवढंसं?” दुलारी मावशीला ते बघवेना. “अगं, काहीतरी लाज!”

काळा पडदा गेला. निळा आला, आणि खाली एक पट्टी हळूहळू भरू लागली. यार्डात असा आरडाओरडा झाला की समोरच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं.

चाळीस मिनिटं पट्टी भरत राहिली. तेवढ्यात डबल्सची एक फेरी झाली, भरपूर तिखट घालून. पट्टी भरली, खोटं मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं, ढगांचं चित्र आलं, सगळ्यांनी श्वास रोखला, आणि पडद्यावर लिहून आलं की विंडोजच्या संरक्षणात चूक आहे, पुन्हा सुरू करा. पुन्हा सुरू केलं. तेच. पाचव्यांदाही तेच.

“शनिवारपर्यंत हेच बघायचंय का?” कुणीतरी मागून टोमणा मारला.

“तुला घाई असेल तर तू गा चौथा भाग,” लिस्ट्रा मागे न बघता म्हणाली. तिचं आता डोकं तापलं होतं, आणि खरं सांगायचं तर तिला मजा यायला लागली होती. फोनवर ती एकामागून एक पानं चाळत सुटली. ब्राझीलमधल्या कुठल्याशा भल्या माणसाने सगळा रोग लिहून ठेवला होता. जुनी विंडोज उठता उठता एक मोठा आकडा मोजते आणि मोजायला किती वेळ लागला ते घड्याळात बघते. आजची मशीनं इतक्या झटक्यात मोजून मोकळी होतात, की घड्याळ शून्य दाखवतं. त्या शून्याने ती भागाकार करायला जाते आणि जागीच कोसळते.

“म्हणजे आपलं मशीन फार पळतंय?” हॉलिसने विचारलं.

“फार पळतंय.”

“हा बिघाड आहे की कौतुक?”

त्या भल्या माणसाने रोगाखाली औषधही ठेवलं होतं. लिस्ट्राने ते उतरवलं, त्याची एक खोटी सीडी केली, खोट्या मशीनला पाजली आणि बोट कळीवर ठेवून डोळे मिटले. ढग आले. ढग गेले. हिरवट पडदा पसरला, डाव्या कोपऱ्यात चार चित्रं, खाली करड्या रंगाची पट्टी. उठली! पंचवीस वर्षांची झोप मोडून म्हातारी उठून बसली. हॉलिसने लिस्ट्राला खुर्चीसकट उचललं.

“थांब, थांब! आवाज कुठाय?” ती वरूनच ओरडली. विंडोज उठताना एक सुरेल आवाज करते, तो झालाच नव्हता. म्हातारी मुकी होती. मग यादीतून त्या काळचं साउंड कार्ड निवडलं, तेही खोटंच, आणि सगळं बंद करून पुन्हा लावलं. या वेळी मोठ्या स्पीकरमधून तो आवाज असा घुमला, की पाठीमागे कुणाच्या तरी हातातला रमचा पेला सांडला. लिस्ट्राचे डोळे भरून आले. एका घंटीसाठी कुणी रडतं का? ती रडली.

फ्लॉपीवरून मामाचा प्रोग्रॅम चढला. चार फायली दिसल्या.

“पहिल्यापासून लावू?” तिने विचारलं.

“पहिल्या तीन आम्हाला झोपेत येतात!” हॉलिस म्हणाला. “चौथी लाव, चौथी!” पंधरा गळ्यांनी तेच म्हटलं. लिस्ट्राने चौथी लावली.

आणि काय ते सूर! वरचा पॅन उतारावरून धावत सुटलेला, खालचा त्याला गाठायला बघतोय, मध्येच दोघं एकमेकांना चुकवतायत, वळणावर पुन्हा भेटतायत. पहिल्या ओळीला लोक चूप झाले, दुसरीला पाय हलले, तिसरीला हॉलिस उठून लोखंडाकडे गेला आणि त्याने ठोका पकडला. जीवघेणा ठोका होता, पण हॉलिसच तो. पन्नास सेकंदांत सगळं संपलं.

“एवढंच?” लिस्ट्रा म्हणाली. मामाने जन्मात कशाची कंजूषी केली नव्हती.

“दोनदा वाजवू!” हॉलिसने घाम पुसत निकाल देऊन टाकला. “पुन्हा लाव!”

बुधवारची उरलेली संध्याकाळ, गुरुवार, शुक्रवार. स्पीकर वाजायचा, बँड त्याच्या मागे धावायचा, अडखळायचा, हसायचा, पुन्हा धावायचा. मनगटं सुजली. दुलारी मावशीने बर्फाच्या पिशव्या वाटल्या आणि स्वतःच्याही मनगटाला बांधली. शुक्रवारी अंधार पडायच्या आत चौथा भाग बावीस जणांच्या हातांत बसला होता, आणि रस्त्यावरून जाणारे लोक गाड्या थांबवून ऐकत होते.

शनिवारी दीडच्या सुमाराला दुलारी मावशी टेबलापाशी आली. “तिसरा संपतो तिथे मी खालचा सूर धरून ठेवायचा की सोडायचा? युस्टसने एकदा असं सांगितलं होतं, एकदा तसं.”

“ऐकूनच घे ना,” लिस्ट्रा म्हणाली आणि तिने तिसरी फाईल लावली.

फटाक्यांची माळ पेटावी तसा तिसरा भाग तडतडत निघून गेला. दुलारी मावशी पोट धरून हसायला लागली. “याला काय चावलं?”

लिस्ट्रा हसली नाही. तिसरा भाग बँड किती गतीने वाजवतो ते तिला पाठ होतं; मशीन त्याच्या अडीच पट पळत होतं. बुधवारी विंडोजचा जो रोग तिने बरा केला, तोच या प्रोग्रॅमलाही होता. हाही मशीनच्याच ठोक्यावर वेळ मोजत होता, आणि तिने त्याची नाडीसुद्धा पाहिली नव्हती. ओळखीचा एक भाग आधी लावून बघितला असता तर मिनिटात कळलं असतं! ऑफिसात ती दुसऱ्यांना हेच शिकवायची.

तिने चौथ्या फाईलचा गतीचा आकडा बघितला. मिनिटाला अठ्ठावन्न ठोके. शेजारी तारीख होती, फेब्रुवारी एकोणीसशे नव्याण्णव. त्या फेब्रुवारीत मामी दवाखान्यात होती, तिथून ती परत आली नाही. म्हणून त्या वर्षी बँड उतरला नव्हता.

तिने खोट्या मशीनला लगाम घातला, इतकंच पळ म्हणून सांगितलं, आणि आवाज बारीक करून चौथा भाग पुन्हा लावला. तेच सूर होते. पण आता कुणी धावत नव्हतं. एक सूर पुढे व्हायचा, थांबायचा, दुसरा त्याच्यापाशी येऊन उभा राहायचा, मग दोघं मिळून आणखी थोडे पुढे.

“अगं बाई,” दुलारी मावशी खाली बसली. “आणि आपण याच्यावर नाचलो.”

हॉलिसला बोलावलं. त्याने उभ्या उभ्या पूर्ण ऐकलं आणि टोपी काढली. “दोन तासांत नाही व्हायचं, लिस्ट्रा. हातात बसलंय ते आता निघत नाही. हळू वाजवायला गेलो तर बावीस जण बावीस दिशांना जातील.”

“मग शेवट गाळायचा?”

“ते म्हाताऱ्याला विचार. मला विचारू नकोस.”

साडेतीनला मामा सॅन फर्नांडोहून आला. डोळ्यांवर काळा चष्मा, नवा कडक शर्ट, हातात काठी. लोकांनी त्याला पुढच्या खुर्चीवर बसवलं. लिस्ट्रा त्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसली.

“मामा, शेवट उघडला.”

मामाचा काठीवरचा हात घट्ट झाला.

“पण मी घोळ घातला. मशीन पळत होतं आणि माझ्या लक्षात आलं नाही. सगळ्यांनी तो फार जलद शिकलाय.”

“किती जलद?”

तिने खुर्चीच्या हातावर बोटांनी ठोका वाजवून दाखवला. मामाने मान तिच्याकडे वळवली.

“एवढ्या?”

“एवढ्या. हळू आहे तसा लॅपटॉपवर आहे, तुला ऐकवू?”

“नको, नको,” तो घाईने म्हणाला. मग हळूच: “मला पाठ आहे तो.”

“तू तर म्हणालास आठवत नाही.”

“म्हणालो खरा.”

तेवढ्यात जजांची गाडी चढ चढून आली. तीन माणसं उतरली, छत्रीखालच्या टेबलाशी बसली, कागद काढले. हॉलिस लोखंडापाशी उभा राहून लिस्ट्राकडे बघत होता. शेवट वाजवायचा की नाही? लिस्ट्राने मामाकडे बघितलं.

“हातात जे आहे ते वाजवा,” मामा म्हणाला. “हातात नाही ते वाजवायला गेलात तर मी उठून घरी जाईन.”

लिस्ट्राने हॉलिसला मान डोलवून खूण केली, आणि ठोका पडला.

पहिले तीन भाग असे वाजले, की कुठे नाक मुरडायचं तेच मामाला सापडेना. तिसऱ्याच्या शेवटी दुलारी मावशीने खालचा सूर धरून ठेवला, आणि हॉलिसने लोखंडावर तो जीवघेणा ठोका सोडला. बँड धावत सुटला. लिस्ट्रा समोर बघतच नव्हती. ती मामाचा चेहरा बघत होती. पहिल्या ओळीला तो दचकला, एखाद्याने मागून नाव घेऊन हाक मारावी तसा. दुसऱ्या ओळीला त्याचा जबडा घट्ट मिटला आणि लिस्ट्राला वाटलं, आता हा उठणार. तो उठलाच. काठी टाकून दिली, खुर्चीची पाठ धरली आणि तसाच उभा राहिला. सूर उतारावरून खाली झेपावले, एकमेकांना चुकवून वळणावर भेटले, तळाशी पोचले, आणि हॉलिसने न थांबता सगळ्यांना पुन्हा वर नेलं. दुसऱ्या फेरीला रस्त्यावरचे लोक ओरडत होते, एका जजचा कागद उडून गेला होता आणि तो आणायला कुणी उठत नव्हतं. शेवटचा ठोका पडला. यार्डात जो कल्लोळ उठला त्यात लिस्ट्राला स्वतःचंच ओरडणं ऐकू आलं नाही.

मामा अजून उभाच होता. काळ्या चष्म्याखालून गालावर पाणी ओघळत होतं.

“मामा, डॉक्टरने रडायला मनाई केली असेल,” ती त्याचा दंड धरत म्हणाली. “माफ कर मला.”

“कशाबद्दल?” “तुझ्या मामीला तेव्हा चार पावलांवर धाप लागायची. दवाखान्याच्या व्हरांड्यात मी तिला हाताला धरून चालवायचो. चार पावलं, मग थांबायचं. त्या चालीवर बांधला होता मी तो शेवट. म्हणून कुणाला शिकवला नाही. पंचवीस वर्षं डोक्यात तिला त्या व्हरांड्यातच चालवतोय मी, पोरी.” त्याने शर्टाच्या बाहीने गाल पुसला आणि तो चक्क हसला. “आज कसली धावली गं ती! मला मागे टाकून गेली.”

लिस्ट्राने त्याचा हात दाबला.

“हॉलिस!” मामा पूर्वीसारखा गरजला. “जज गेले का?”

“गाडीत बसतायत!”

“बसू देत. शेवट पुन्हा घ्या. आणि दुसऱ्या ओळीला बेस मागे पडतोय, दुलारी, मला डोळे नसले तरी कान आहेत!”

दुलारी मावशीने तोंडातल्या तोंडात एक शिवी हासडली आणि काठ्या उचलल्या. लिस्ट्राने लॅपटॉप मिटला, भिंतीवर टांगलेला एक जास्तीचा पॅन काढून गळ्यात अडकवला आणि मागच्या रांगेत जाऊन उभी राहिली.